निबंधाच्या पलीकडे : पाचवी ते सातवीच्या मुलांना लिहिते करताना



मराठी विभागाकडून वार्तापत्रात दर वेळी स्पर्धांचे निकाल आणि पाठांतराची बक्षिसे येतात. या वेळी आम्ही एका तासिकेविषयी लिहायचे ठरवले आहे. पाचवी, सहावी आणि सातवी या वर्गांना आठवड्यातून दोन तासिका आम्ही ‘आपले लेखन’ या नावाने देतो. त्या तासिकांना नेमके काय चालते, वह्यांत लाल शाई का दिसत नाही, गुजराती शब्द तसेच का ठेवले जातात, आणि याचा परीक्षेला उपयोग काय, असे प्रश्न पालकांनी विचारले. विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही ते आले. प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरे द्यावीत आणि आमचे कुठे चुकले तेही सांगावे, म्हणून हा लेख.

सुरुवात आमच्या चुकीपासून

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीला आलेला पूर बडोद्यात कोणी विसरलेले नाही. धोक्याची पातळी २५ फुटांची, आणि पाणी ३५ फुटांच्या वर गेले होते. नदीतल्या मगरी वस्त्यांत शिरल्या आणि वनखात्याच्या माणसांना त्या पकडून न्याव्या लागल्या. आपल्या कित्येक मुलांच्या घरांत पाणी होते. शाळा पुन्हा सुरू झाली तेव्हा आम्ही सहावीला निबंध दिला : ‘पूर’.

बहुतेक वह्यांत एकच सुरुवात होती : ‘पूर ही एक नैसर्गिक आपत्ती आहे. पाणी म्हणजे जीवन, पण तेच पाणी कधी कधी काळ होऊन येते.’ वाक्ये नीटनेटकी होती आणि शुद्धलेखनही बरे होते. आम्ही दहापैकी आठ, साडेआठ असे गुण दिले. एका मुलीच्या वहीत मात्र एवढेच होते :

‘आमच्या घरात पाणी भरायलं तेव्हा आजी हिंचक्यावर बसली होती. ती उतरत नव्हती. बाबा म्हणाले, आई उठ. आजी म्हणाली, मी हिंचका सोडणार नाही. मग बाबांनी आजीला उचलून धाब्यावर नेलं आणि हिंचका वर बांधून ठेवला. पाणी गेल्यावर आजीने आधी हिंचका पुसला.’

आम्ही ‘भरायलं’ खोडून ‘भरले’ केले. ‘हिंचका’ खोडून ‘झोपाळा’ केला, ‘धाब्यावर’ खोडून ‘गच्चीवर’. समासात लिहिले, ‘प्रस्तावना नाही. समारोप नाही. विस्तार करा.’ आणि दहापैकी चार गुण दिले.

पुढच्या निबंधाचा विषय ‘पावसाळा’ होता. त्याच मुलीने लिहिले, ‘पावसाळा हा ऋतूंचा राजा आहे. पाऊस पडला की सृष्टी हिरवा शालू नेसते.’ निबंध दीड पान भरला. आम्ही आठ गुण देऊन वही मिटली आणि मग पुन्हा उघडली. महिन्याभरापूर्वी घरात कमरेएवढे पाणी पाहिलेल्या मुलीला पावसाविषयी सांगण्यासारखे दुसरे काहीच नव्हते का? तसे नव्हते. काय लिहिले की गुण मिळतात, ते ती आमच्याकडून शिकली होती. आम्ही जे शिकवले तेच तिने केले होते.

त्या वहीवर आम्ही शिक्षक-खोलीत बराच वेळ बोललो. आपली शाळा मराठी टिकावी म्हणून आहे, असे आपण सगळे म्हणतो. पण मराठी म्हणजे स्वतःची गोष्ट लपवून दुसऱ्याची वाक्ये लिहायची भाषा, असे मुलांना वाटू लागले तर सातवीनंतर ती मराठीत एक ओळही आपणहून लिहिणार नाहीत. घराबाहेर गुजराती, अभ्यासाला आणि नोकरीला इंग्रजी, मोबाइलवर हिंदी. मग मराठी कशासाठी उरेल? मनातले सांगण्यासाठी उरली, तरच उरेल. म्हणून या दोन तासिका.

ही वाट नवी नाही

सर्जनशील लेखन म्हटले की कविता, परीकथा किंवा मोठ्या माणसांना थक्क करणारी कल्पना, असे आपल्याला वाटते. आम्ही त्याचा साधा अर्थ घेतला आहे : मुलाने स्वतः पाहिलेले, ऐकलेले किंवा कल्पिलेले, स्वतःच्या शब्दांत, कोणीतरी वाचावे म्हणून लिहिणे. पूर पाहिलेल्या मुलीचे सहा वाक्यांचे लेखन या अर्थाने पूर्ण होते.

या वाटेवर आपल्या आधी पुष्कळ जण चालून गेले आहेत, आणि काही तर आपल्या अगदी शेजारचे. भावनगरच्या गिजुभाई बधेका यांच्या ‘दिवास्वप्न’मधला लक्ष्मीराम हा शिक्षक चौथीचा वर्ग मागून घेतो आणि पाठ्यपुस्तकाऐवजी गोष्टींनी सुरुवात करतो. गिजुभाईंबरोबर भावनगरला काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी पुढे तोच विचार महाराष्ट्रात बोर्डी आणि कोसबाडला नेला. साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते तेव्हा वसतिगृहातल्या मुलांसाठी ते स्वतः हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहीत असत. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सृजन आनंद विद्यालय सुरू केले आणि मुलांच्या अनुभवालाच अभ्यासाचे साधन मानले.

आपल्या बडोद्याचा वारसाही विसरण्यासारखा नाही. सयाजीराव महाराजांनी १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली सर्व संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. ‘सयाजी बालज्ञानमाले’तून मुलांसाठी पुस्तके निघाली. त्या काळात मुलांनी वाचावे, ही काळजी वाहिली गेली. मुलांनी लिहावे, ही काळजी आपण वाहायची आहे.

परदेशातल्या दोघांच्या पद्धती आम्हांला फार उपयोगी पडल्या. इटलीचे बालसाहित्यिक जानी रोदारी यांनी १९७३ साली गोष्ट कशी सुचते यावर एक पुस्तक लिहिले. अमेरिकन कवी केनेथ कोक यांनी १९६८ पासून न्यूयॉर्कच्या एका सरकारी प्राथमिक शाळेत मुलांकडून कविता लिहून घेतल्या आणि १९७० साली त्यावर पुस्तक केले. दोघांचे म्हणणे थोडक्यात असे : ‘हवे ते लिहा’ असे सांगितले की मूल गोंधळते. त्याला एक लहानशी चौकट द्या, मग ते त्या चौकटीत मोकळे होते.

तासिकेची घडण

दोन तासिका जोडून घेतल्या आहेत, कारण पस्तीस मिनिटांत मुले लिहायला लागतात तोच घंटा होते. क्रम साधारण असा असतो.

आधी दहा मिनिटे बोलणे. शिक्षिका एखादी वस्तू, प्रसंग किंवा शब्द समोर ठेवतात आणि मुले बोलतात. ज्याला बोलता आले त्याला लिहिता येते, हा आमचा अनुभव आहे. नंतर पंधरा मिनिटे पूर्ण शांततेत लेखन. या वेळात शिक्षिकाही आपल्या वहीत लिहितात. वर्गात फिरत नाहीत, डोकावत नाहीत. खोडरबर बंद, आणि शब्द अडला तर जागा सोडून पुढे जायचे. त्यानंतर ज्याला वाचून दाखवायचे असेल त्याने पुढे यायचे. सक्ती नाही. ऐकणाऱ्यांनी ‘छान’ म्हणायचे नाही. कोणते वाक्य लक्षात राहिले ते सांगायचे, आणि एक प्रश्न विचारायचा. उरलेल्या वेळात, किंवा पुढच्या आठवड्यात, त्या प्रश्नांच्या आधाराने दुसरा खर्डा.

दुसरा खर्डा हे या वयाचे खास बळ आहे. दुसरी-तिसरीतल्या मुलाला एकदा लिहिलेले पुन्हा लिहायला सांगितले की ती शिक्षा वाटते. दहा ते तेरा वर्षांच्या मुलाला मात्र ‘हे वाचणाऱ्याला कळेल का?’ असा विचार करता येतो. याच वयात लाज वाटायलाही लागते. पाचवीत हात वर करकरून वाचणारी मुले सातवीत वही झाकून बसतात. म्हणून सातवीत ‘फक्त बाईंसाठी’ असे पानावर लिहायची मुभा आहे. असे पान वर्गात वाचले जात नाही आणि शिक्षक-खोलीतही फिरत नाही. मुले कधी घरातली भांडणे, आजारपण, पैशांची ओढाताण लिहितात. असे लेखन हा वर्गात सगळ्यांसमोर ठेवायचा नमुना नव्हे. आधी मुलाशी निवांत बोलावे लागते.

पाच पाठ

पुढचे पाच पाठ आम्ही वर्गात करून पाहिलेले आहेत. पालकांनाही घरी करता येतील.

१. शब्दबंदी. फळ्यावर ‘छान’, ‘सुंदर’, ‘मस्त’ आणि ‘खूप मजा आली’ एवढे लिहून त्यावर काट मारायची. आठवडाभर हे शब्द बंद. उत्तरायणानंतर एका मुलाने आधी लिहिले होते, ‘उत्तरायणला खूप मजा आली. आम्ही खूप पतंग उडवले.’ आम्ही विचारले : हाताला काय झाले? कानावर काय आले? तोंडाला कशाची चव होती? दुसऱ्या खर्ड्यात आले, ‘मांज्याने माझ्या बोटाला चीर पडली. आईने पट्टी लावली. त्या बोटाने तिळाचा लाडू धरला तर पट्टीला तीळ चिकटले. मग मी पट्टीवरचे तीळ खाल्ले.’ मजा हा शब्द गेला, आणि मजा आली.

२. दोन शब्दांची गोष्ट. ही रोदारींची युक्ती. एकमेकांशी संबंध नसलेले दोन शब्द घ्यायचे आणि ते वेगवेगळ्या प्रकारे जोडायचे. त्यांच्या पुस्तकात कुत्रा आणि कपाट आहेत. आमच्या वर्गात चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ‘मगर’ आणि ‘दप्तर’ निघाले. मराठीत ही युक्ती विशेष रंगते, कारण आपल्याकडे जोडण्याचे काम विभक्ती करते : मगरीचे दप्तर, दप्तरातली मगर, मगरीला दप्तर, दप्तरावर मगर, मगरीसाठी दप्तर. प्रत्येक जोडीत एक गोष्ट दडलेली असते. सहावीतल्या एकाने लिहिले, ‘मगरीला माझं दप्तर दिसलं. ते चामड्याचं होतं. तिने हळूच विचारलं, मावशी का?’ वर्ग हसला, आणि मग थोडा गप्पही झाला.

याच पाठात सामान्यरूप शिकवून होते. ‘मगर’चे ‘मगरी’ का होते आणि ‘दप्तर’चे ‘दप्तरा’ का, हा प्रश्न मुले आपणहून विचारतात. एकाने ‘मगर आला’ लिहिले होते. गुजरातीत मगर पुल्लिंगी, मराठीत स्त्रीलिंगी. त्यावर वर्गात जी चर्चा झाली ती व्याकरणाच्या तासाला कधी झाली नव्हती.

३. पूर्वी आणि आता. हा कोक यांचा पाठ. प्रत्येक जोडओळ ‘पूर्वी’ आणि ‘आता’ या शब्दांनी सुरू करायची. यमकाची गरज नाही. पाचवीतल्या मुलांनी लिहिले, ‘पूर्वी मला अंधाराची भीती वाटायची, आता मला गणिताच्या वहीची वाटते.’ ‘पूर्वी आजोबा मला रस्ता ओलांडून द्यायचे, आता मी आजोबांना देतो.’ कविता आपल्याला येत नाही, असे म्हणणाऱ्या मुलांसाठी हा पाठ फार चांगला. दोनच शब्दांचा आधार, पण त्यावर सबंध कविता उभी राहते.

४. वस्तू हातात घेऊन आत्मकथन. ‘फाटक्या पुस्तकाचे मनोगत’ हा प्रकार परीक्षेत आपण सगळ्यांनीच लिहिलेला आहे, बहुधा फाटके पुस्तक न पाहताच. आम्ही मुलांना घरातली सर्वांत जुनी वस्तू शोधायला सांगतो. ती हातात घ्यायची आणि घरच्या मोठ्यांना पाच प्रश्न विचारायचे : ही कोणी आणली? कुठून? कोण वापरत असे? तिला कुठे लागले, कुठे पोचा आला? आता ती कुठे ठेवतात, आणि का? मग वस्तूच्या तोंडून लिहायचे. दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरातला पाटा एका मुलीच्या वहीत बोलला, ‘माझ्यावर आता कोणी चटणी वाटत नाही. टाकी लावणारा पण येत नाही. माझी पाठ गुळगुळीत झाली आहे. माझ्यावर कुंडी ठेवली आहे. कुंडीतल्या तुळशीला पाणी घालतात तेव्हा मला वाटतं, आज वाटण आहे.’ तिच्या आईने आम्हांला सांगितले की पाट्याला टाकी लावतात हे त्यांनाही ठाऊक नव्हते. मुलीने ते आजीकडून काढले.

५. दोन माणसे, एक वस्तू. दोघांना एकच वस्तू हवी आहे. ती मिळवण्यासाठी दोघे काय बोलतात, एवढेच लिहायचे. वर्णन नाही, उपदेश नाही. रिक्षातली खिडकीकडची जागा, शेवटची जिलेबी, टीव्हीचा रिमोट, सुरसागरच्या काठावरचे बाकडे, काहीही चालते. या पाठात अवतरणचिन्हे, प्रश्नचिन्ह आणि परिच्छेद बदलणे मुले गरजेतून शिकतात, कारण चिन्हे नसतील तर कोण बोलते तेच कळत नाही.

शुद्धलेखन कधी?

शुद्धलेखन सोडून दिले आहे, असा एक समज झालेला दिसतो. तसे नाही. आम्ही फक्त त्याची वेळ बदलली आहे. पहिल्या खर्ड्यात चूक दुरुस्त करत नाही. दुसऱ्या खर्ड्यात एका वेळी एकाच प्रकारची चूक पाहतो. एका आठवड्यात फक्त शेवटच्या अक्षराचा दीर्घ इकार-उकार, पुढच्या आठवड्यात फक्त विरामचिन्हे, त्यापुढे लिंग-वचन. पूर्वी एका पानावर आम्ही वीस लाल खुणा करत होतो आणि पुढच्या पानावर त्याच वीस चुका पुन्हा दिसत होत्या. मुले खुणा मोजत होती, वाचत नव्हती.

आता तपासताना तीनच गोष्टी करतो : लक्षात राहिलेल्या वाक्याखाली हिरवी रेघ, समासात एक खरा प्रश्न, आणि त्या आठवड्याच्या चुकीची खूण. ‘खरा प्रश्न’ म्हणजे ज्याचे उत्तर आम्हांला माहीत नाही असा. ‘विस्तार करा’ हा प्रश्न नव्हे. ‘आजी का उतरत नव्हती?’ हा प्रश्न आहे. तिसऱ्या आणि शेवटच्या प्रतीत मात्र, जी हस्तलिखितात जाते, शुद्धलेखन पूर्ण तपासले जाते. पाहुणे येणार म्हणून घर आवरावे, तसे मुले तेव्हा मन लावून लेखन आवरतात.

गुजराती शब्दांचे काय?

यावर आमच्यातही मतभेद होते. ‘अशाने खिचडी भाषा तयार होईल’ ही विश्वस्तांची काळजी खोटी नाही. पण बडोद्यातल्या मराठी घरांत हिंचका आहे, धाबे आहे, उंधियु आहे. ते खोडले की शब्दाबरोबर घरही खोडले जाते. अखेर आम्ही असा नियम केला. पहिल्या खर्ड्यात कोणताही शब्द चालेल, मात्र तो मराठी नाही असे वाटले तर त्याखाली रेघ मारायची. घरी जाऊन त्यासाठी मराठी शब्द विचारून यायचा आणि दोन्ही शब्द वर्गाच्या ‘शब्दपेटी’त टाकायचे. दुसऱ्या खर्ड्यात मुलाने ठरवायचे. पात्र गुजरातीत बोलत असेल तर ते गुजरातीतच बोलेल, आणि देवनागरीत लिहिले जाईल. पतंग कापल्यावर ‘काय पो छे’ अशीच आरोळी येणार. तिचे भाषांतर करण्यात अर्थ नाही. पण वाक्याची बांधणी मराठी हवी, क्रियापद मराठी हवे.

शब्दपेटीतून झालेला लाभ आम्हांलाही अनपेक्षित होता. मुले आजी-आजोबांना शब्द विचारू लागली. एका शब्दासाठी गावच्या मावशीला फोन झाले. माळा, कोनाडा, उंबरा, पागोळ्या, वळचण असे शब्द वर्गात आले, जे पाठ्यपुस्तकातून आले असते तर अर्थासह पाठ करून विसरले गेले असते.

परीक्षेचे काय?

परीक्षेत निबंध, पत्र, संवाद, मुद्द्यांवरून कथा, आत्मकथन असेच प्रश्न येतात. वरच्या पाचही पाठांत त्यांची तयारी आहे. परीक्षेपूर्वी दोन आठवडे आम्ही परीक्षेचा साचाही शिकवतो : शब्दमर्यादा, परिच्छेद, पत्राचा मायना. साचा वाईट नाही. पण तो दोन आठवड्यांत येतो, आणि त्यात भरायचा ऐवज दोन आठवड्यांत येत नाही.

सगळेच साधले आहे, असे मात्र सांगता येणार नाही. तपासायला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतो. श्रुतलेखनाचा एक तास आम्हांला कमी करावा लागला, आणि काही मुलांच्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका अजून तशाच आहेत. सातवीतली दोन-तीन मुले महिनोन्महिने एक ओळही लिहीत नव्हती. त्यांना आम्ही याद्या करायला सांगितल्या : खिशातल्या वस्तू, घरातले आवाज, ज्यांचा राग येतो अशा गोष्टी. त्यांतला एक मुलगा अजूनही याद्याच करतो. पण आता त्याची यादी पान उलटून पलीकडे जाते.

पालकांना विनंती

पालकहो, मुलाला लिहून देऊ नका. आपले वाक्य त्याच्यापेक्षा चांगले असेल, पण ते आपले आहे. हल्ली मोबाइलला सांगितले की तोही निघता निबंध लिहून देतो. अशा निबंधात सगळे असते, फक्त तुमचे मूल नसते. आम्हांला ते लगेच ओळखू येते, कारण त्या निबंधात कोणाच्याही बोटाला मांजा लागत नाही.

मुलाने वही दाखवली तर आधी वाचा, चूक नंतर. ‘हे मला माहीत नव्हते, पुढे काय झाले?’ एवढे विचारलेत तरी पुरे. घरात आजी-आजोबा असतील तर मुलाला त्यांच्याजवळ बसू द्या. रोज रात्री दहा मिनिटे कोणीतरी मराठीतून काही मोठ्याने वाचा. बालभारतीचे ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघते, त्याचे अंक शाळेच्या ग्रंथालयातून घरी नेता येतात. आणि घरातले काही मुलाने लिहिले म्हणून त्याला रागवू नका. वही घरची बदनामी करत नाही.

मुलांनो, तुमच्यासाठी

सुट्टीत एक लहान वही करा. रोज फक्त तीन ओळी लिहा : आज पाहिलेले एक, ऐकलेले एक, आणि ज्याचे उत्तर मिळाले नाही असे एक. तारीख घाला. ‘छान’ आणि ‘मजा’ बंद. एखादा दिवस चुकला तर चुकला, दुसऱ्या दिवशी सहा ओळी लिहायची गरज नाही. सुट्टी संपली की त्यातले तुम्हांला आवडलेले एकच पान घेऊन या. बाकीची वही तुमची.

शेवटी

त्या मुलीची जुनी वही आम्ही तिच्याकडून मागून घेतली. आम्ही चुकीचे तपासले होते, असे तिला सांगितले. शिक्षकांनी विद्यार्थ्याला असे सांगावे का, यावरही आमच्यात चर्चा झाली. सांगितले ते बरे झाले, असे आता वाटते. तिला समासात एक प्रश्न लिहून दिला : ‘आजी का उतरत नव्हती?’

आठवड्याने ती दुसरा खर्डा घेऊन आली. हिंचका तसाच होता. ‘पाणी भरायलं’ मात्र गेले होते, तिथे ‘पाणी शिरलं’ आले होते. आम्ही सुचवले नव्हते. आजी म्हणाली, ‘पाणी विहिरीतून भरतात, घरात ते शिरतं,’ असे तिने सांगितले. आणि शेवटी दोन वाक्ये वाढली होती : ‘मी आजीला विचारलं, तू का उतरत नव्हतीस? आजी म्हणाली, आजोबा गेले तेव्हा ते यावरच बसले होते.’

हे लेखन तिच्या आणि घरच्यांच्या परवानगीने यंदाच्या हस्तलिखितात पहिल्या पानावर घेतले आहे. हस्तलिखित शाळेच्या ग्रंथालयात ठेवले आहे. पालकांनी आणि विश्वस्तांनी ते येऊन वाचावे, आणि प्रत्येकाने आपल्याला लक्षात राहिलेले एक वाक्य शेवटच्या कोऱ्या पानांवर लिहून जावे, ही विनंती. मुले ती पाने रोज उघडून पाहतात.